हा प्रोग्राम लागतो कोणाला? घरच्या कॉम्प्युटरवरची यादी तपासताना

घरच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामांची यादी उघडली की निम्मी नावं अनोळखी निघतात. मग दोनपैकी एक होतं. काहीजण घाबरून सगळं जसंच्या तसं ठेवतात. काहीजण 'हे कशाला पाहिजे' म्हणत भराभर काढत सुटतात आणि संध्याकाळी स्पीकरमधून आवाज का येत नाही हे शोधत बसतात. दोघंही नाव वाचून ठरवायला जातात, आणि नावावरून फारसं काही कळत नाही. 'रिअलटेक' हे नाव संशयास्पद वाटतं, पण बऱ्याच मशीनचा आवाज त्याच्यावरच चालतो. 'पीसी ऑप्टिमायझर' छापाचं नाव भलतंच कामाचं वाटतं, आणि उपयोग शून्य.

त्यापेक्षा प्रत्येक नोंदीपुढे एकच प्रश्न विचारा: हा लागतो कोणाला? उत्तर चारांपैकी एक येतं. तुम्हाला किंवा घरातल्या कोणाला तरी, मशीनला, दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामला, नाहीतर फक्त तो बनवणाऱ्या कंपनीला. शेवटच्या गटातलं बिनदिक्कत काढायचं. बाकीच्या तिन्हींत थोडं डोकं लावावं लागतं. पुढचं सगळं विंडोज १० आणि ११ धरून लिहिलं आहे.

काढून मिळतं काय

प्रोग्राम जास्त झाले म्हणून कॉम्प्युटर स्लो झाला, हे अर्धवट खरं आहे. डिस्कवर नुसता पडून असलेला, कधीच न उघडलेला प्रोग्राम प्रोसेसर खात नाही की मेमरी खात नाही. डिस्क गच्च भरत आली असेल तर गोष्ट वेगळी, एरवी तो फक्त जागा अडवतो. स्लो करतात ते विंडोज सुरू होताच आपोआप उठणारे आणि दिवसभर मागे चालू राहणारे. म्हणून चाळीस जीबीचा गेम काढून जागा मिळेल, पण कॉम्प्युटर पाच सेकंदही लवकर सुरू होणार नाही. उलट तीस एमबीचा एखादा 'असिस्टंट' काढल्यावर फरक लगेच जाणवू शकतो.

दुसरं कारण सुरक्षिततेचं, आणि माझ्या मते तेच मोठं आहे. विसरून गेलेला प्रोग्राम कोणी अपडेट करत नाही. झिप, आरएआर अशा दाबून बांधलेल्या फाइली उघडणाऱ्या विनरार या प्रोग्रामचं उदाहरण घ्या. ६.२३ च्या आधीच्या आवृत्त्यांमध्ये २०२३ साली एक त्रुटी सापडली. मुद्दाम तयार केलेली झिप उघडून आतल्या साध्या चित्रावर क्लिक केलं तरी घातक कोड चालायचा, आणि हल्लेखोर ती वापरतही होते. दुरुस्त आवृत्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली. पण विनरार स्वतःहून अपडेट होत नाही. ज्यांनी तो कधीकाळी एका फाइलसाठी टाकला आणि नंतर विसरले, त्यांच्याकडे जुनीच आवृत्ती राहिली.

तेव्हा क्रम असा ठेवा: आधी मागे चालणारे, मग इंटरनेटवरून आलेल्या फाइली उघडणारे जुने प्रोग्राम, आणि जागेचा विचार सगळ्यात शेवटी. बहुतेक लोक उलट क्रमाने जातात, कारण यादीत आकार ठळक दिसतो.

हात लावण्याआधी

स्टार्ट मेनूत 'रिस्टोअर पॉइंट' टाइप करा, 'क्रिएट अ रिस्टोअर पॉइंट' दिसेल. उघडलेल्या खिडकीत सी ड्राइव्हसमोर प्रोटेक्शन 'ऑफ' असेल (बऱ्याच मशीनवर असतंच), तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन चालू करा आणि मग 'क्रिएट' दाबा. काही बिघडलं तर ड्रायव्हर (मशीनचे भाग विंडोजला जोडून देणारे छोटे प्रोग्राम), सिस्टिमच्या फाइली आणि प्रोग्राम या दिवसाच्या अवस्थेला परत नेता येतात. फोटो आणि कागदपत्रं यात येत नाहीत. त्यांचा बॅकअप वेगळा घ्यायचा असतो.

विकत घेतलेले प्रोग्राम असतील तर त्यांची प्रॉडक्ट की, किंवा कोणत्या ईमेलने घेतले होते ते, कागदावर उतरवून ठेवा. काही परवाने किती मशीनवर चालू आहेत ते मोजतात. असा प्रोग्राम काढण्याआधी त्यातून साइन आउट करा किंवा 'डीॲक्टिव्हेट' करा, नाहीतर परत टाकताना 'मर्यादा संपली' असा निरोप येतो.

आणि घरातल्यांना विचारा. हे शिष्टाचारासाठी नाही, तांत्रिक कारणासाठी. काही प्रोग्राम एका युजरपुरतेच इन्स्टॉल होतात आणि त्याच युजरच्या यादीत दिसतात. मुलीच्या लॉगिनमध्ये काय काय आहे ते तुमच्या लॉगिनमधून पूर्ण दिसत नाही. प्रत्येक खात्यात जाऊन यादी एकदा बघावी लागते.

यादी वाचायची कशी

विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'ॲप्स', 'इन्स्टॉल्ड ॲप्स' असा रस्ता आहे. विंडोज १० मध्ये त्याच जागी 'ॲप्स अँड फीचर्स' आहे. इथे स्टोअरमधून आलेली ॲपही दिसतात. कंट्रोल पॅनेलमधलं जुनं 'प्रोग्राम्स अँड फीचर्स' अजून आहे आणि तपासणीसाठी मला तेच बरं वाटतं, कारण तिथे प्रकाशक, तारीख, आकार आणि आवृत्ती एका तक्त्यात येतात. स्टोअरची ॲप तिथे नसतात, म्हणून दोन्ही याद्या बघायच्या. इन्स्टॉल न करता थेट फोल्डरमधून चालणारे 'पोर्टेबल' प्रोग्राम दोन्हींत नसतात. ते डाउनलोड्स फोल्डरमध्ये शोधा.

तक्त्यातल्या 'पब्लिशर' या शीर्षकावर क्लिक करा. अर्धं काम तिथेच होतं. मायक्रोसॉफ्टचं सगळं एकत्र येतं, इंटेल, एएमडी, एनव्हिडिया, रिअलटेक असे चिप बनवणारे एकेका जागी येतात, लॅपटॉपच्या कंपनीचं एक वेगळं झुबकं दिसतं, आणि उरतात ते तुम्ही किंवा दुसऱ्या कोणी टाकलेले. प्रकाशकाचा रकाना रिकामा असेल तर ती नोंद बाजूला काढून ठेवा. रिकामा रकाना म्हणजे व्हायरस नव्हे, पण अशा नोंदीकडे जरा जास्त वेळ द्यावा.

आकाराच्या आकड्यावर फार विसंबू नका. बऱ्याच प्रोग्रामांच्या बाबतीत इन्स्टॉलरने जो अंदाज नोंदवला तोच तिथे दिसतो. नंतर त्या प्रोग्रामने डाउनलोड केलेला डेटा त्यात नसतो. तारीखही फसवी असते, अपडेट झाला की बदलते. तरी तारखेचा एक फार चांगला उपयोग आहे. तारखेप्रमाणे यादी लावा आणि अनोळखी नोंदीच्या आजूबाजूला त्याच दिवशी काय आलं ते बघा. बहुतेक वेळा उलगडा तिथेच होतो: एक मोफत व्हिडिओ कन्व्हर्टर आणि त्याला चिकटून आलेले तीन पाहुणे, सगळ्यांची तारीख एकच.

मशीनला लागणारे

ग्राफिक्स, आवाज, वायफाय, ब्लूटूथ, टचपॅड आणि चिपसेटचे ड्रायव्हर या गटात येतात. यांना हात लावायचा नाही, नाव कितीही विचित्र असलं तरी. 'इंटेल रॅपिड स्टोरेज'सारखी नोंद तर डिस्कशी संबंधित असते. तिथे प्रयोग नकोत.

लॅपटॉपच्या कंपनीचा माल मात्र निवडून घ्यावा लागतो. त्यात साधारण तीन प्रकार असतात. पहिला हॉटकी किंवा फंक्शन कीचा छोटा प्रोग्राम. तो काढला तर ब्राइटनेस किंवा कीबोर्डच्या दिव्याची बटणं चालेनाशी होऊ शकतात, म्हणून ठेवा. दुसरा, बायोस आणि फर्मवेअरचे, म्हणजे हार्डवेअरमध्येच भरलेल्या सॉफ्टवेअरचे, अपडेट आणणारा. हा एकच ठेवा. विंडोज अपडेटमधूनही बरंच येतं, पण सगळं येईलच असं नाही. तिसरा प्रकार नोंदणीची आठवण, ऑफर, 'वेलकम', चाचणीपुरता दिलेला फोटो एडिटर वगैरे. हा काढा.

'कंपनीनेच भरून दिलंय म्हणजे बरंच असेल' असं धरून चालू नये. लेनोवोच्या काही लॅपटॉपांवर सुपरफिश नावाचा, वेबपानांत जाहिराती घुसवणारा प्रोग्राम विक्रीआधीच भरलेला होता, हे २०१५ च्या फेब्रुवारीत उघड झालं. तो स्वतःचं रूट सर्टिफिकेट, म्हणजे कोणत्या वेबसाइटवर विश्वास ठेवायचा ते ठरवणारं मूळ ओळखपत्र, बसवायचा, त्यामुळे सुरक्षित म्हणून उघडलेल्या पानांची देवाणघेवाणही मधल्यामध्ये वाचण्याचा रस्ता इतरांना मोकळा व्हायचा. कंपनीला तो काढण्याचं साधन नंतर द्यावं लागलं.

प्रिंटरचं जरा जवळून बघू, कारण तिथे एकाच सीडीतून किंवा एकाच डाउनलोडमधून चार-पाच नोंदी येतात. एक असते मॉडेलच्या नावाची, बहुतेकदा पुढे 'बेसिक डिव्हाइस सॉफ्टवेअर' असं काहीतरी. तो ड्रायव्हर, तो ठेवायचा. दुसरी स्कॅनची. स्कॅन करत असाल तर ठेवा, नाहीतर विंडोजचं स्वतःचं स्कॅन ॲप बऱ्याच प्रिंटरांना पुरतं. तिसरी शाई मागवण्याची. चौथी 'प्रॉडक्ट इम्प्रूव्हमेंट स्टडी', म्हणजे तुमच्या वापराची माहिती कंपनीकडे पाठवणारी. पाचवी मदतीची पानं. शेवटच्या तीन काढल्यावर प्रिंटरला काही फरक पडत नाही. एक काढा, एक पान छापून बघा, मग पुढची.

दुसऱ्या प्रोग्रामला लागणारे

यादीतला सगळ्यात जास्त गैरसमज 'मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल' या नावाभोवती आहे. एकच नाव आठ-दहा वेळा दिसतं आणि वाटतं की एक ठेवून बाकीचे उडवावेत. तसं करू नका. व्हिज्युअल सी++ या मायक्रोसॉफ्टच्या साधनाने लिहिलेल्या प्रोग्रामांना चालताना काही सामायिक फाइली लागतात, त्या यात असतात. २००५, २००८, २०१०, २०१२ आणि २०१३ हे प्रत्येकी वेगळे आहेत. २०१० चं काम २०१३ करत नाही. २०१५ पासून पुढचे मात्र एकाच कुटुंबातले, तिथे नवा आला की जुन्याची जागा घेतो. शिवाय प्रत्येकाच्या दोन बाजू, एक्स८६ आणि एक्स६४. विंडोज ६४-बिट असली तरी ३२-बिट प्रोग्रामांना एक्स८६ लागतोच.

यातला नेमका चुकीचा काढला तर एखादा गेम किंवा हिशेबाचा प्रोग्राम उघडताना 'व्हीसीरनटाइम१४०.डीएलएल सापडली नाही' अशी पाटी येते आणि प्रोग्राम बंद. बरं, ठेवून तोटा काय? काही एमबी जागा. हे मागे चालत नाहीत, विंडोजबरोबर उठत नाहीत. तोटा नगण्य आणि धोका नक्की, म्हणून सरळ सोडून द्या. मायक्रोसॉफ्टचे डॉट नेट रनटाइम आणि 'एज वेबव्ह्यू२ रनटाइम' यांनाही हाच न्याय. वेबव्ह्यू२ बघून 'मी एज वापरत नाही' म्हणत काढणारे खूप आहेत, पण कितीतरी ॲप आपल्या खिडकीतली वेबपानं त्याच्याच जोरावर दाखवतात.

याच गटातले काही मात्र मेलेले आहेत. ब्राउझरमध्ये व्हिडिओ आणि ॲनिमेशन दाखवणारा ॲडोबी फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यातला मजकूर चालणंच बंद झालं. त्याच कामाच्या मायक्रोसॉफ्टच्या सिल्व्हरलाइटचा पाठिंबा ऑक्टोबर २०२१ मध्ये संपला. विंडोजवरचा क्विकटाइम हा व्हिडिओ प्लेअर ॲपलने २०१६ मध्येच वाऱ्यावर सोडला, तेव्हा दुरुस्त न होणाऱ्या त्रुटींमुळे अमेरिकी सरकारच्या सायबर सुरक्षा विभागाने तो काढून टाका असं जाहीरपणे सांगितलं होतं. हे तिन्ही दिसले तर विचार न करता काढा.

काही प्रोग्रामांना चालायला लागणारा जावा हा या दोन्हींच्या मधला प्रकार, पूर्ण मेलेलाही नाही आणि सगळ्यांना लागतोही असं नाही. ब्राउझरसाठी तो आता लागत नाही. क्रोमने २०१५ मध्ये आणि फायरफॉक्सने २०१७ मध्ये त्याचं प्लगइन बंद केलं. पण डिजिटल सही करण्याची काही साधनं आणि काही जुने ऑफिसचे प्रोग्राम अजून जावा मागतात. यासाठी सोपी परीक्षा अशी: काढा आणि तुमचे नेहमीचे सगळे प्रोग्राम एकदा उघडून बघा. कोणी मागितला तर ताजी आवृत्ती टाका. मागितला नाही तर प्रश्न मिटला. ॲपलचं 'बॉनजूर' असंच, आयट्यून्सबरोबर येतं आणि आयट्यून्स गेल्यावर मागे राहतं. घरच्या नेटवर्कवरचे प्रिंटर शोधायला काही प्रोग्राम त्याचा वापर करतात, एवढं लक्षात ठेवून ठरवा.

तुम्हाला लागणारे

इथे 'वर्षभरात वापरला का?' हा प्रश्न सगळे विचारतात. मला तो पुरेसा वाटत नाही. वर्षातून एकदाच लागणारे प्रोग्रामही असतात, आणि रोज उघडणारे पण नको असलेलेही. त्यापेक्षा दोन प्रश्न जास्त कामाचे आहेत.

पहिला: उद्या लागला तर परत मिळेल का? मोफत आहे, अधिकृत जागेवर आहे, दहा मिनिटांत उतरतो, तर मन घट्ट करायचीही गरज नाही. काढा. याउलट सीडीवरून टाकलेला, कंपनीच बंद पडलेला किंवा प्रॉडक्ट की हरवलेला असेल तर तो दुर्मीळ आहे. वापर कमी असला तरी राहू द्या, फक्त आपोआप सुरू होणं बंद करा.

दुसरा प्रश्न फार थोडे विचारतात: याच्याशिवाय न उघडणारी एखादी फाइल माझ्याकडे आहे का? घरखर्चाचा जुना प्रोग्राम, वंशावळीचा प्रोग्राम, जुन्या स्कॅनरचा अल्बम, भरतकामाच्या डिझाइनचं सॉफ्टवेअर, हे सगळे आपापल्या खास स्वरूपात डेटा ठेवतात. प्रोग्राम गेला की फाइली जागेवर असतात, पण बंद तिजोरीसारख्या. आधी त्यातूनच 'एक्स्पोर्ट' करा. हिशेब सीएसव्हीत, मजकूर पीडीएफमध्ये, फोटो जेपीजीत. ती फाइल दुसऱ्या प्रोग्राममध्ये उघडून बघा आणि मगच मूळ काढा. काही अनइन्स्टॉलर 'डेटाही काढू का?' विचारतात, काही विचारतच नाहीत.

एकाच कामाचे दोन-तीन प्रोग्राम असतील तर एक ठेवायचा. व्हिडिओला व्हीएलसी एकटा पुरतो. ब्राउझर दोन असावेत, एखादी वेबसाइट एकात अडली तर दुसरा हाताशी असतो. चार नकोत. पीडीएफ वाचायला एज, क्रोम, फायरफॉक्स यांतला कोणताही चालतो. भरायचे काही किचकट फॉर्म आणि डिजिटल सहीची पडताळणी यांसाठी मात्र ॲडोबीचा मोफत रीडर लागू शकतो. विंडोज ११ ला २०२३ च्या अखेरीच्या अपडेटपासून आरएआर आणि ७झेड फाइली स्वतःहून उघडता येतात. पासवर्ड घातलेल्या आरएआर वगैरे येत असतील तर सेव्हन-झिप ठेवा, आणि तो अधूनमधून हाताने अपडेट करा.

क्लाउड स्टोरेजच्या प्रोग्रामांपाशी मात्र थांबा. वनड्राइव्ह, ड्रॉपबॉक्स, गूगल ड्राइव्ह यांत काही फाइली कॉम्प्युटरवर नुसत्या दिसतात, प्रत्यक्षात त्या सर्व्हरवर असतात. वनड्राइव्हमध्ये अशा फाइलीपुढे ढगाचं चिन्ह असतं. प्रोग्राम काढला तर सर्व्हरवरची प्रत जात नाही, पण कॉम्प्युटरवरची ती नुसती दिसणारी फाइल उपयोगाची राहत नाही. त्याहून गोंधळ होतो तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा. वनड्राइव्हचा बॅकअप चालू असेल तर हे दोन्ही फोल्डर मुळात वनड्राइव्हच्या फोल्डरात हलवलेले असतात. तेव्हा आधी हव्या त्या फाइली 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' करून खाली उतरवा, मग वनड्राइव्हच्या सेटिंगमध्ये फोल्डरांचा बॅकअप थांबवा, फाइली साध्या फोल्डरमध्ये आल्याची खात्री करा, आणि शेवटी प्रोग्रामला हात लावा.

फक्त कंपनीला लागणारे

नव्या लॅपटॉपबरोबर आलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस हा इथला मानकरी. मुदत संपली की तो संरक्षण देणं कमी करतो आणि पाट्या दाखवणं वाढवतो. विकत घ्यायचा नसेल तर काढा. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर दुसरा अँटिव्हायरस असेपर्यंत बाजूला बसतो आणि तो गेल्यावर आपोआप जागा घेतो. रीस्टार्टनंतर 'विंडोज सिक्युरिटी' उघडून हिरवी खूण दिसते का बघा, एवढंच. अँटिव्हायरस नेहमीच्या पद्धतीने पूर्ण निघाला नाही तर बहुतेक कंपन्यांनी त्यासाठी स्वतंत्र 'रिमूव्हल टूल' दिलेलं असतं. ते त्यांच्याच अधिकृत पानावरून घ्या. आणि दोन अँटिव्हायरस एकदम कधीच चालवू नका. दोघंही तीच फाइल एकाच वेळी तपासायला जातात.

क्लीनर, बूस्टर, ड्रायव्हर अपडेटर, रजिस्ट्री (विंडोजच्या सेटिंगांची नोंदवही) दुरुस्त करणारे: माझ्या मते घरच्या कॉम्प्युटरवर यातल्या एकाचीही गरज नाही. रजिस्ट्री क्लीनर वापरण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही. तात्पुरत्या फाइली साफ करायला विंडोजचं 'स्टोरेज सेन्स' आहे. अशा प्रोग्रामांना सिस्टिममध्ये खोलवर हात घालायची मुभा द्यावी लागते, म्हणून तिथे बिघाड झाला की तो मोठा होतो. २०१७ मध्ये सीक्लीनरच्या अधिकृत ५.३३ आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक कोड घुसवला होता, आणि ती सुमारे २२.७ लाख कॉम्प्युटरांवर पोचली होती.

टूलबार, 'सर्च' नावाची ॲप, कूपन दाखवणारे, कधीही न टाकलेले गेम हेही इथलेच. ते काढल्यावर ब्राउझरचं एक्स्टेन्शनचं पान उघडून तिथेही बघा. प्रोग्राम जातो आणि त्याचं एक्स्टेन्शन मागे राहतं, असं बऱ्याचदा होतं.

संशय असेल तर आधी झोपवा

ठरत नसेल तर काढू नका, आपोआप सुरू होणं बंद करा. कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा आणि 'स्टार्टअप ॲप्स'मध्ये जा. प्रत्येक नावापुढे 'स्टार्टअप इम्पॅक्ट' हाय, मीडियम की लो ते लिहिलेलं असतं. नावावर राइट-क्लिक करून 'डिसेबल'. यात काहीच पुसलं जात नाही, तिथूनच परत 'इनेबल' करता येतं. टचपॅड, आवाज, विंडोज सिक्युरिटीचा आयकॉन आणि तुम्ही खरोखर वापरता ते क्लाउड सिंक सोडून बाकी सगळ्यांवर हा प्रयोग करायला हरकत नाही. चॅट आणि मीटिंगची ॲप, गेमचे लाँचर, संगीताची ॲप यांना विंडोजबरोबर उठायचं काही कारण नसतं, उघडाल तेव्हा ती उघडतीलच. दोनेक आठवडे कोणाची काही तक्रार आली नाही तर काढायला मोकळे.

काही प्रोग्राम या यादीत दिसत नाहीत, सर्व्हिस म्हणून मागे चालतात. स्टार्टमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' शोधा, 'सर्व्हिसेस'मध्ये जा आणि सगळ्यात आधी 'हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस' वर खूण करा. ही पायरी चुकवायची नाही, नाहीतर विंडोजचीच एखादी सर्व्हिस बंद पडायची. उरलेली छोटी यादी वाचण्याजोगी असते. याहून खोलात जायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचंच 'ऑटोरन्स' हे मोफत साधन आहे. ते इतकं दाखवतं की नवख्याचे डोळे फिरतात, पण एखादा चिवट पाहुणा कुठून उठतो ते तिथे सापडतं.

अनोळखी नाव शोधताना टास्क मॅनेजरमध्ये राइट-क्लिक करून 'ओपन फाइल लोकेशन' बघा. फाइलच्या 'प्रॉपर्टीज'मध्ये 'डिजिटल सिग्नेचर्स' असा टॅब असेल तर सही कोणाची आहे तेही कळतं. नाव इंटरनेटवर शोधलंत तर 'ही फाइल धोकादायक आहे का?' अशा मथळ्याची पानं येतील आणि शेवटी एखादं स्कॅनर डाउनलोड करायला सांगतील. ते डाउनलोड म्हणजे यादीत आणखी एक नको असलेली नोंद.

प्रत्यक्ष काढताना

एका वेळी एक. मोठा प्रोग्राम, ड्रायव्हर किंवा अँटिव्हायरस असेल तर मध्ये रीस्टार्ट. एकदम बारा काढले आणि काहीतरी बंद पडलं, तर कोणामुळे ते शोधणं कठीण होतं.

अनइन्स्टॉलरच्या खिडक्या सावकाश वाचा. मोठं, रंगीत, ठळक बटण बऱ्याचदा 'ठेवा' चं असतं आणि 'काढा' कोपऱ्यात फिक्या अक्षरात. 'जाण्याआधी निम्म्या किमतीत', 'त्याऐवजी हे घ्या' अशा दोन-तीन पाट्या पार कराव्या लागतात. 'ही सामायिक फाइल आता कोणी वापरत नाही, काढू का?' असा प्रश्न जुन्या अनइन्स्टॉलरमध्ये आला तर 'नो' म्हणा. एक फाइल उरल्याने काही बिघडत नाही.

'प्रोग्राम फाइल्स'मधला फोल्डर थेट डिलीट करणं म्हणजे अनइन्स्टॉल नव्हे. नोंदी, सर्व्हिस, ड्रायव्हर सगळं मागे राहतं, आणि अनइन्स्टॉलरच गेल्याने नंतर रीतसर काढताही येत नाही. विंडोजच्या आतला 'इन्स्टॉलर' नावाचा लपवलेला फोल्डरही जागेसाठी रिकामा करू नका. बरेच प्रोग्राम दुरुस्त करायला आणि काढायला त्यातल्याच फाइली लागतात. अनइन्स्टॉलर बिघडला असेल तर तोच प्रोग्राम परत वरून इन्स्टॉल करा आणि मग काढा. हा उपाय उलटा वाटतो, पण बहुतेकदा चालतो. तरीही नोंद हलली नाही तर मायक्रोसॉफ्टच्या सपोर्टच्या पानावर इन्स्टॉल-अनइन्स्टॉलच्या अडचणींसाठी ट्रबलशूटर आहे.

काढल्यावर 'ॲपडेटा'मध्ये, म्हणजे प्रोग्राम आपापल्या सेटिंग ठेवतात त्या फोल्डरमध्ये, उरलेल्या फोल्डरांच्या मागे लागण्यात अर्थ नाही. कधी तिथे गेमची सेव्ह केलेली प्रगतीही असते.

आणि यादी हाताबाहेरच गेली असेल, दहा वर्षांचा ढीग असेल, प्रत्येक दुसरी नोंद संशयास्पद असेल, तर एकेक काढण्यात शनिवार-रविवार घालवू नका. बॅकअप घेऊन 'रीसेट धिस पीसी' वापरा. विंडोज ११ मध्ये ते 'सेटिंग्ज', 'सिस्टिम', 'रिकव्हरी'खाली आहे. 'कीप माय फाइल्स' निवडलं तर तुमच्या फाइली राहतात, इन्स्टॉल केलेले प्रोग्राम जातात. त्यात 'क्लाउड डाउनलोड' निवडलं तर विंडोज नव्याने उतरवली जाते, त्याला चार जीबीहून जास्त डेटा लागू शकतो. 'लोकल रीइन्स्टॉल'मध्ये लॅपटॉपच्या कंपनीने भरलेला काही माल परत येऊ शकतो, तेव्हा त्याची छाननी पुन्हा करावी लागेल. रीसेट झाल्यावर काढल्या गेलेल्या प्रोग्रामांची यादी एका फाइलमध्ये डेस्कटॉपवर ठेवलेली मिळते. ती बघून सगळं एका बैठकीत परत टाकू नका. ऑफिसचं काम, व्हिडिओ कॉल, प्रिंटर, जे ज्या दिवशी अडेल ते त्या दिवशी टाका.